विम्याचा 'फॅक्टर ऑफ सेफ्टी'

माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे मराठी विभागासाठी लिहिताना थोडी धाकधूक आहे. चूकभूल द्यावी घ्यावी! पण हा विषय मला आईला मराठीतूनच समजावून सांगावा लागला, म्हणून हिंमत केली.

झालं असं, डिसेंबर 2025 मध्ये संसदेने विमा कंपन्यांमधील परदेशी गुंतवणुकीची मर्यादा 74 वरून 100 टक्के करणारी कायदादुरुस्ती मंजूर केली. बातमी ऐकून रात्री आईचा फोन. "अगं, बाबांची पॉलिसी खासगी कंपनीतली आहे ना? उद्या ते परदेशी लोक आपले पैसे घेऊन गेले तर?" माझ्या एज्युकेशन लोनसाठी बाबांनी ती पॉलिसी काढली आहे. त्यांना काही झालंच तर कर्ज त्यातून फिटणार. म्हणजे प्रश्न माझाही होता. सबमिशन बाजूला ठेवलं आणि वाचायला बसले.

पहिली शंका अशी की, हप्ते तर आपण भरतो, मग विमा कंपनीला गुंतवणूकदार हवाच कशाला?

समजा, आपल्या हॉस्टेलच्या 500 जणांनी मोबाईलचा विमा काढला. प्रत्येकाचे 220 रुपये, म्हणजे जमले 1 लाख 10 हजार. वर्षाला सरासरी 10 मोबाईल कामातून जातात आणि प्रत्येकी 10 हजार द्यायचे, असं धरू. हिशोब जमला. पण एखाद्या पावसाळ्यात 14 मोबाईल गेले तर? द्यायचे 1 लाख 40 हजार. वरचे 30 हजार कोण देणार, रेक्टर सर?

इथे गुंतवणूकदार येतो. त्याने सुरुवातीलाच 50 हजार आणून ठेवलेले असतात. वाईट वर्षी त्यातून भर घातली जाते. चांगल्या वर्षी सातच मोबाईल गेले, तर खर्च वजा जाता उरलेल्यावर त्याचा हक्क. थोडक्यात, आपली जोखीम तो विकत घेतो आणि नफा हा त्याचा मोबदला. देण्याच्या रांगेत आधी पॉलिसीधारक, गुंतवणूकदार सगळ्यात शेवटी.

दुसरं कारण मला अगदीच नवीन होतं. आयुर्विम्यात पहिल्या वर्षी एजंटचं कमिशन, कागदपत्रं, मेडिकल, शिवाय भविष्यातल्या देण्यासाठी बाजूला काढायची रक्कम, हे सगळं मिळून बऱ्याचदा पहिल्या हप्त्यापेक्षा जास्त होतं. म्हणजे कंपनी जितक्या वेगाने वाढेल तितकं भांडवल जास्त लागतं!

हे भांडवल किती हवं हे कंपनीच्या मर्जीवर सोडलेलं नाही. विमा कंपनी सुरू करायला किमान 100 कोटी रुपये लागतात. शिवाय देणी वजा जाता उरणारी मालमत्ता ही नियमाने ठरवलेल्या रकमेच्या किमान दीडपट असावी लागते. याला सॉल्व्हन्सी रेशो म्हणतात, किमान 150 टक्के. आपल्या भाषेत, 'फॅक्टर ऑफ सेफ्टी' 1.5!

पण गुंतवणूकदार म्हणजे देवमाणूस नव्हे. लोकांच्या हप्त्यांना तो आपलाच पैसा समजू लागला की काय होतं, हे आपल्या देशाने पाहिलं आहे. रामकृष्ण दालमिया यांनी भारत इन्शुरन्स कंपनीच्या पैशाचा गैरवापर केल्याचं प्रकरण डिसेंबर 1955 मध्ये फिरोज गांधींनी लोकसभेत मांडलं. पुढे दालमियांना तुरुंगवास झाला. 19 जानेवारी 1956 रोजी अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख (आपले रायगडचे!) यांनी आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणाची घोषणा केली. 245 संस्था एकत्र होऊन 1 सप्टेंबर 1956 ला एलआयसी सुरू झाली. सरकारने त्यात घातलेलं भांडवल होतं 5 कोटी.

1999 च्या कायद्याने दार पुन्हा उघडलं, पण किलकिलं. परदेशी वाटा आधी 26 टक्के, 2015 मध्ये 49, 2021 मध्ये 74 आणि आता 100. दार उघडत गेलं तरी एक कुलूप कायम आहे. पॉलिसीधारकांचा पैसा कायद्याने भारताबाहेर गुंतवता येत नाही. बाहेर जाईल तो मालकाचा नफा.

आईला मी एवढंच सांगितलं, "मालक कुठल्या देशाचा ते नको बघू, त्याने किती पैसा अडकवलाय ते बघ." मग बाबांच्या कंपनीच्या वेबसाईटवर जाऊन सॉल्व्हन्सी रेशो शोधला. प्रत्येक कंपनीला तो दर तिमाहीला जाहीर करावा लागतो. 150 च्या बराच वर होता. आई म्हणाली, "बरं बाई, झोप आता."

मित्रांनो, नोकरी लागली की कुणीतरी काका पॉलिसीचा फॉर्म घेऊन येतीलच. गुंतवणूकदाराला नफ्याची घाई असते, म्हणून एजंटला टार्गेटची घाई असते. आपल्याला घाई नाही. बीम किती लोड घेईल हे तपासल्याशिवाय आपण त्यावर स्लॅब टाकत नाही. मग घरच्यांचं भविष्य टाकताना तरी तो एक आकडा बघायला काय हरकत आहे?