घर विकावयाचे ठरल्यावर

पुण्यातील कोथरूड, कर्वेनगर, सहकारनगर या भागांत गेल्या शतकाच्या सत्तरीच्या व ऐंशीच्या दशकांत ज्या सहकारी गृहरचना संस्था उभ्या राहिल्या, त्यांतील तीन मजली, बिनलिफ्टच्या इमारतींमधून आज जी घरे विक्रीस निघत आहेत, त्यांचे मालक बहुधा असे आहेत की, ज्यांनी आयुष्यात घर एकदाच घेतले आणि विकण्याचा प्रसंग ज्यांच्यावर प्रथमच येत आहे. मुले बंगळुरास किंवा परदेशात स्थायिक झालेली असतात, जिना चढवत नाही, आणि आयुष्यातील सर्वांत मोठा आर्थिक व्यवहार अशा वयात करावा लागतो की ज्या वयात कोणाचेही बोलणे लवकर खरे वाटते. या मंडळींचे नुकसान होऊ नये, असे मला मनापासून वाटते. आणि ते नुकसान बहुतेक वेळा भिंतीच्या रंगामुळे होत नाही, तर अपुऱ्या कागदांमुळे आणि भलत्याच ठिकाणाहून उचललेल्या किमतीमुळे होते.

म्हणून रंगाऱ्यास बोलावण्यापूर्वी कपाटातील फाइल उघडावी. मूळ करारनामा, नोंदणीची पावती, सूची क्रमांक २, संस्थेचा भागदाखला, भोगवटा प्रमाणपत्र, मालमत्ता कराची चालू पावती आणि संस्थेकडे थकबाकी नसल्याचा दाखला हे सर्व एकत्र नसेल, तर ग्राहकाचा वकील जी शंका काढील तिचे उत्तर शोधण्यात दोन महिने जातात आणि तेवढ्यात ग्राहक दुसरे घर पसंत करतो. भागदाखल्यावर अद्याप दिवंगत वडिलांचे नाव असेल, तर प्रश्न अधिक गहन होतो. कारण नामनिर्देशित व्यक्ती ही वारसांच्या वतीने घर सांभाळणारी असते, त्या नामनिर्देशनाने ती मालक होत नाही. भावंडांपैकी ज्यांना हिस्सा नको असेल त्यांनी नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून द्यावयास हवे, आणि अमेरिकेतील बहिणीस येणे शक्य नसेल, तर तिने तेथील भारतीय वकिलातीत साक्षांकित केलेले मुखत्यारपत्र येथे पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत मुद्रांकित करून घ्यावयास हवे. ही कामे जाहिरात देण्यापूर्वी करावयाची आहेत. विसार घेतल्यानंतर ती करू लागलेल्या मालकास भाव पाडून मागितला जातो, आणि तो नाकारण्याचे बळ त्याच्यापाशी उरलेले नसते.

घराच्या डागडुजीविषयी माझे मत थोडक्यात असे आहे की, जे बिघडले आहे ते दुरुस्त करावे, आणि जे जुने आहे ते तसेच ठेवावे. शयनगृहाच्या छतावर, वरच्या मजल्यावरील न्हाणीघराच्या नेमका खाली, तळहाताएवढा पिवळसर डाग असतो, त्याच्या कडेला चुन्याचे पापुद्रे सुटलेले असतात. मालकाच्या डोळ्यांना तो वर्षानुवर्षांच्या सवयीने दिसेनासा झालेला असतो, परंतु घर पाहावयास आलेल्या गृहिणीची दृष्टी प्रथम तेथेच जाते, आणि वरच्या न्हाणीघरातील फरश्यांच्या सांधी भरून व जाळीभोवतीची गळती काढून जे काम थोड्या हजारांत होण्यासारखे असते, त्यासाठी ती मनातल्या मनात लाखाची वजावट करून मोकळी होते. गळती गच्चीतून होत असेल, तर ती काढणे हे संस्थेचे कर्तव्य आहे आणि त्यासाठी लेखी अर्ज द्यावा. मूळ दोष तसाच ठेवून त्यावर रंगाचा हात फिरविणे हे अप्रामाणिकपणाचे तर आहेच, शिवाय पहिल्या पावसात ते उघडकीस येते. उलट नवा ओटा, नव्या फरश्या, भारी लाकडी कपाटे यांवर विक्रीसाठी म्हणून पैसा घालू नये. जुने घर घेणारा मनुष्य ताबा मिळताच बहुधा सर्व तोडून आपल्या आवडीने करतो. माळ्यावरील पिंपे व गाद्या काढाव्यात, खिडक्यांसमोरील कपाटे हलवावीत, सर्व दिवे व नळ चालू करावेत. एवढे पुरे.

क्षेत्रफळाच्या बाबतीत मात्र सावध राहिले पाहिजे. त्या काळच्या करारनाम्यांत बांधीव क्षेत्र लिहिलेले असे. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने नव्या प्रकल्पांची विक्री चटई क्षेत्रावर आणल्यापासून ग्राहकही जुन्या घरास तीच मोजपट्टी लावतो. तेव्हा टेप घेऊन प्रत्येक खोली आतून मोजावी आणि तो आकडा आपणच प्रथम सांगावा.

आता किंमत. शेजारच्या इमारतीतील घराची जाहिरात नव्वद लाखांची आहे, यावरून ते घर नव्वद लाखांना विकले गेले असे ठरत नाही; ते त्या किमतीला अद्याप विकले गेलेले नाही, एवढेच त्या जाहिरातीवरून निश्चित होते. झालेल्या व्यवहारांची खरी नोंद दुय्यम निबंधकाच्या दप्तरी असते, आणि राज्याच्या नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर कोणासही सूची क्रमांक २, ज्याला व्यवहारात ‘इंडेक्स टू’ म्हणतात, पाहता येते. समजा, आपल्याच संस्थेतील ६२० चौरस फूट चटई क्षेत्राचे घर गेल्या वर्षी ७४ लाख ४० हजारांस गेले, म्हणजे फुटास १२,००० रुपये पडले; तर तिसऱ्या मजल्यावरील आपल्या ६०० फुटांच्या घराची किंमत ७२ लाखांच्या आसपास धरावी, आणि लिफ्ट नसल्याने ते पहिल्या मजल्यावरील घराच्या बरोबरीने जाईल, अशी आशा बाळगू नये. शासनाच्या वार्षिक बाजारमूल्य तक्त्यातील, म्हणजे रेडी रेकनरमधील, दर हे मुद्रांक शुल्कासाठी असतात. त्यांना विक्रीचा भाव समजू नये. तथापि करारातील किंमत त्या मूल्याच्या फार खाली गेल्यास आयकराच्या हिशेबात ते मूल्यच विक्रीची किंमत धरले जाते, हे विसरू नये.

याच घराचे ८५ लाख मागितले तर काय होते, ते पाहण्यासारखे आहे. बँकेच्या मूल्यमापकाने घर ७२ लाखांचे ठरविले, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० ते ७५ लाखांच्या कर्जास असलेल्या ८० टक्क्यांच्या मर्यादेत ग्राहकास ५७ लाख ६० हजारच मिळतील. ७२ लाखांना व्यवहार झाला, तर त्याला पदरचे १४ लाख ४० हजार, पुण्यातील ७ टक्के मुद्रांक शुल्काचे ५ लाख ४ हजार आणि नोंदणीचे ३० हजार, असे १९ लाख ७४ हजार उभे करावे लागतील. ८५ लाखांना झाला, तर हाच आकडा ३३ लाख ६५ हजारांवर जातो. मागणी तेरा लाखांनी वाढली आणि ग्राहकाच्या खिशावरील भार जवळजवळ चौदा लाखांनी वाढला, कारण वाढीव किमतीवर बँक एक रुपयाही देत नाही. ‘लोक येतात, पाहतात आणि परत फिरकत नाहीत’ या तक्रारीचे मूळ बहुधा येथे असते.

आपण घातलेल्या पैशाची आठवण किंमत ठरविताना आड येते, हे केवळ आपल्याकडचेच नाही. जेनेसोव्ह आणि मेयर या अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतील बोस्टन शहरातील नव्वदच्या दशकातील सदनिकांचे व्यवहार तपासून २००१ साली दाखवून दिले की, ज्यांना खरेदीपेक्षा कमी भाव मिळण्याची वेळ आली होती, त्यांनी मागणी चढी ठेवली आणि त्यांची घरे अधिक काळ पडून राहिली. पुनर्विकासाच्या आशेचेही तसेच आहे. संस्थेने विकासकाशी नोंदणीकृत करार केला असेल, तर त्याची किंमत अवश्य मागावी. केवळ सभेतील चर्चेची मागू नये.

कराचा हिशेब भाव ठरण्यापूर्वीच करावा. १ एप्रिल २००१ पूर्वी घेतलेल्या घरासाठी त्या दिवशीचे वाजवी बाजारमूल्य खरेदीची किंमत म्हणून धरता येते आणि नोंदणीकृत मूल्यमापकाकडून ते काढून घेतल्यास कराचा भार पुष्कळ हलका होतो. रोख रकमेचा आग्रह करणारा ग्राहक आला, तर त्यास स्पष्ट नकार द्यावा. स्थावराच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून अधिक रोख स्वीकारल्यास तेवढाच दंड घेणाऱ्यास होऊ शकतो.

साठेखतात हप्त्यांच्या तारखा, बँकेची रक्कम येण्याची मुदत आणि पूर्ण रक्कम मिळाल्यावरच ताबा देण्याची अट लिहावी. संस्थेचे हस्तांतर अधिमूल्य कोणी भरावयाचे, हेही तोंडी ठेवू नये. ९ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशानुसार महानगरपालिका क्षेत्रात ते २५,००० रुपयांहून अधिक घेता येत नाही, आणि देणगीच्या नावाखाली त्याहून अधिक रकमेची सक्ती झाल्यास ती लेखी नाकारावी व उपनिबंधक, सहकारी संस्था, यांच्याकडे तक्रार नोंदवावी.