विळीच्या पात्यावरील रंग

डोंगरकड्याचा परिसर केळीचा आणि हळदीचा. तेथील बागेत केळीचे घड उतरविणारा कोयता पाहावा. नवा असताना तो लखलखतो; थोड्याच दिवसांत त्यावर काळसर-निळी झाक चढते. घरातील पोलादी विळीचीही हीच गत. पाते बिघडले असे समजून गृहिणी ते राखेने घासून पांढरे करते, किंवा विळीच मोडीत घालते. या दोहोंपैकी एकाचीही गरज नसते.

गंज दोन प्रकारचा असतो. तांबडा गंज भुसभुशीत असतो. त्याचे पापुद्रे सुटतात, ओल आत शिरते आणि पाते झिजत जाते. काळसर थर मात्र पातळ व घट्ट बसणारा असतो. तो हवा आणि ओल यांना पुष्कळसा अडसर घालतो. स्टेनलेस पोलादात निदान साडेदहा टक्के क्रोमियम असते. त्यामुळे त्यावर न दिसणारे कवच आपोआप तयार होते. साध्या पोलादाला ते कवच वापरातूनच मिळवावे लागते.

आता रंग कोठून येतात? कैरी, चिंच, कांदा यांचे रस लोखंडाशी संयोग पावून पात्यावर अतिशय पातळ थर निर्माण करतात. या थराच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठांवरून परतणारे प्रकाशकिरण एकमेकांत मिसळतात आणि काही रंग उठून दिसतात. पावसात रस्त्यावर सांडलेल्या तेलावर दिसणारे रंग याच जातीचे. थर वाढेल तसा पिवळट, जांभळा, निळा आणि शेवटी करडा-काळा असा क्रम लागतो. केळीच्या चिकात टॅनिन हे तुरट द्रव्य असते. लोखंडाशी मिळून ते काळे होते. हिरडा व हिराकस यांची काळी शाई पूर्वी होत असे, ती याच गुणामुळे.

हे कवच मुद्दाम चढविता येते. पाते साबणाने धुऊन कोरडे करावे, म्हणजे तेलकटपणा जाईल. मग कैरी किंवा कांदा चिरून रस दहा-पंधरा मिनिटे पात्यावर राहू द्यावा. नंतर साध्या पाण्याने धुऊन लगेच पुसावे आणि तेलाचे बोट फिरवावे. असे काही दिवस करावे. मात्र आंबट रस रात्रभर ठेवू नये. आम्ल थराबरोबर पोलादही खाते. तांबडा डाग दिसल्यास तेवढाच घासून काढावा. धार लावताना कडेचे कवच जाणारच. ते वापराने पुन्हा येते.

कवच धरलेल्या पात्याने चिरलेले वांगे कमी काळवंडते आणि फळाला लोखंडाचा वासही कमी लागतो. विळी ओली ठेवू नये, एवढे पथ्य मात्र नेहमीचेच. तेव्हा काळ्या पडलेल्या विळीला मोडीची वाट दाखविण्यापूर्वी तिच्यावर बोट फिरवून पाहावे. बोटाला तांबूस भुकटी लागली नाही, तर ते पाते गंजलेले नसून मुरलेले आहे.