बालकांचे संसर्गरोग : तज्ज्ञ शहरात, रुग्ण खेड्यात

परतूर तालुक्यातील वाटूर हे जालना-मंठा मार्गावरील गाव. अशा गावात तान्ह्या मुलास धाप लागली, तर त्यास प्रथम पाहणारी व्यक्ती तज्ज्ञ नसते. ती आई असते, आजी असते, फार तर आशा स्वयंसेविका असते. बालकांच्या संसर्गरोगांचे तज्ज्ञ बहुधा मोठ्या शहरांतील रुग्णालयांतच आढळतात.

या तज्ज्ञांचे कार्य मुख्यतः निवड करण्याचे आहे. ताप एकच, कारणे अनेक. विषाणूजन्य तापावर प्रतिजैविकांचा उपयोग होत नाही. जिवाणूजन्य रोगात मात्र ती विनाविलंब द्यावी लागतात. रक्ताच्या तपासणीतून जिवाणू ओळखणे, त्यावर लागू पडणारे औषध ठरविणे, वजनानुसार मात्रा देणे आणि गरज संपताच औषध थांबविणे, हा त्यांचा नित्यक्रम होय. यातील थांबविण्याचे कामच अधिक कठीण असावे. कारण सुई टोचल्याखेरीज उपचार झाला, असे आपल्याकडे अनेकांना वाटतच नाही.

नवजात अर्भकाच्या बाबतीत तर लक्षणेही फसवी असतात. रक्तात जंतुसंसर्ग होऊनही ताप येईलच असे नाही. उलट अंग थंड पडते, मूल दूध ओढेनासे होते, रडणे क्षीण होते. ‘मूल शांत झाले’ असे घरच्यांना वाटते आणि मोलाचे तास निघून जातात.

तज्ज्ञाचे हे ज्ञान खेड्यापर्यंत नेण्याचा प्रयोग महाराष्ट्रातच झाला. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली गडचिरोली जिल्ह्यात ‘सर्च’ ही संस्था स्थापन केली. तेथे गावातीलच व्यक्तींना मिनिटाचे श्वास मोजण्यास शिकविण्यात आले. दोन महिन्यांखालील बालकाचे श्वास मिनिटास ६० किंवा अधिक, वर्षाखालील बालकाचे ५० किंवा अधिक आणि एक ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा अधिक भरल्यास, खोकला असताना न्यूमोनियाचा संशय घ्यावा, असा हा दंडक आहे. पुढे ३९ गावांत प्रशिक्षित आरोग्यसेविका घरोघरी नवजातांची देखभाल करू लागल्या. जंतुसंसर्गावर देखरेखीखाली प्रतिजैविकेही देऊ लागल्या. १९९३ ते १९९५ या काळात तेथे हजार जन्मांमागे ६२ नवजात दगावत. १९९७-९८ मध्ये हे प्रमाण सुमारे २५ वर आले. तुलनेसाठी घेतलेल्या गावांत मात्र ते जवळजवळ तेवढेच राहिले. हे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. अर्थात, कोणीही सुई हाती घ्यावी असा याचा अर्थ नव्हे. प्रशिक्षण आणि देखरेख हाच त्या यशाचा पाया होता.

२०११ पासून राष्ट्रीय पातळीवर आशा स्वयंसेविकांच्या गृहभेटींची योजना अमलात आली. रुग्णालयात जन्मलेल्या बाळासाठी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी भेट अपेक्षित आहे. जन्म घरी झाला असल्यास पहिल्या दिवशीही. या भेटी वेळेवर होतात काय, सेविकेजवळ तापमापक, वजनकाटा आणि सेकंद दाखविणारे घड्याळ चालू स्थितीत आहे काय, हे वाटूरच्या पंचायत सदस्यांना ग्रामसभेत विचारता येईल.