क्लिंगॉनचे प्रत्यय समजायला डोंगरकडा पुरे

हिंगोली जिल्ह्यात, कळमनुरी तालुक्यात डोंगरकडा नावाचं गाव आहे. तिथे जाणारा ‘डोंगरकड्याला’ जातो, ‘डोंगरकडाला’ नाही. मराठीत प्रत्यय लागण्याआधी नामच बदलतं. यालाच सामान्यरूप म्हणतात, आणि पोस्ट लिहिताना भलेभले इथेच घसरतात.

‘स्टार ट्रेक’ चित्रपटांसाठी भाषातज्ज्ञ मार्क ओक्रँड यांनी घडवलेल्या क्लिंगॉनमध्ये (शब्दकोश १९८५चा) ही कटकट नाही. ‘वेंग’ म्हणजे शहर, ‘वेंगडाक’ म्हणजे शहरात, ‘वेंगवो’ म्हणजे शहरातून. नाम जसंच्या तसं राहतं. नामाला मागून चिकटणारा ‘त’ किंवा ‘हून’ आपल्या रोजच्या बोलण्यातलाच, त्यामुळे मराठी माणसाला हे सोपं जातं. त्यातला ‘ड’सुद्धा आपल्यासारखाच, जीभ मागे वळवून म्हणायचा.

खरी परीक्षा क्रमाची. प्रत्ययांचे ५ गट आहेत: लहान-मोठेपणा, अनेकवचन, खात्री-शंका, मालकी किंवा ‘हा-तो’, आणि शेवटी आपल्या विभक्तीसारखा. सगळे लावायची सक्ती नाही. पण एका गटातला एकच घ्यायचा आणि हा क्रम मोडायचा नाही. ‘माझ्या शहरांमध्ये’ म्हणायचं तर ‘वेंगमेयविजडाक’: शहर, अनेक, माझं, मध्ये. मराठीतलं ‘माझ्या’ सुरुवातीला येतं, इथे ते ‘मध्ये’च्या जेमतेम एक पाऊल आधी.