कोठडीतला साक्षीदार

टाळेबंदीत भाच्यांना गुंतवायला म्हणून मी ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा अमेरिकन खेळ शिकलो. एकजण सूत्रधार होऊन प्रसंग सांगतो, बाकीचे योद्धा, जादूगार, चोर होऊन ‘मी असं करतो’ म्हणतात. शंका आली की फासे टाकायचे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांनी १९७४ साली तो आणला, तो लुटुपुटुच्या सैन्यांच्या लढायांमधून. मारामारी त्याच्या रक्तातच.

आम्ही घेतलं गायगॅक्सचं १९७९चं साहस, ‘द कीप ऑन द बॉर्डरलँड्स’. सरहद्दीवर गढी, जवळच्या दरीत राक्षसी टोळ्यांच्या गुहा. पोरं दिसेल त्याला कापत सुटली. हॉबगॉब्लिनांच्या कोठडीत काही कैदी असतात: एक व्यापारी, त्याची बायको, एक ऑर्कसुद्धा. ऑर्क दिसताच धाकट्याने त्याला संपवलं. बांधलेल्या कैद्याला! त्याला काय ठाऊक होतं, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही.

खरं रहस्य गढीतच आहे. तिथला हसतमुख पुजारी दुष्ट पंथाचा हस्तक असतो. छापील साहसात तो मंडळींबरोबर गुहेत जातो आणि ऐन वेळी उलटतो. म्हणजे पुन्हा लढाईच. मी प्रश्नच बदलला. गुहेत काय आहे, हे पोरांना आता पाठ होतं. गढीतून खबर कोण देतं, हे नव्हतं.

पहिल्या संध्याकाळी फसलो. एकच धागा ठेवला होता, तोही फाशांवर. फासे उलटे पडले आणि दोन तास सगळे तिथल्या तिथे. रॉबिन लॉज यांच्या ‘गमशू’ पद्धतीत मुख्य धागा फाशांवर सोडतच नाहीत. योग्य जागी शोधलं की तो मिळतो. कस लागतो तो अर्थ लावताना. जस्टिन अलेक्झांडर तर प्रत्येक निष्कर्षासाठी तीन धागे ठेवायला सांगतात. मग मी तीन ठेवले. व्यापाऱ्याने आपली वाट फक्त पुजाऱ्याला सांगितली होती. पुजाऱ्याच्या चेल्याच्या जोड्यांना दरीतला चिखल होता. आणि ऑर्कने त्या चेल्याला रात्री गुहेत पाहिलं होतं.

लढाया काढल्या नाहीत. धोका नसेल तर प्रश्न विचारायलाही धीर लागत नाही. गंमत म्हणजे १९८१च्या नियमपुस्तकाप्रमाणे गॉब्लिन मारल्याचे गुण ५, तेही वाटून घ्यायचे; योद्ध्याला दुसरी पायरी गाठायला २,००० लागतात. उलट बाहेर आणलेल्या प्रत्येक सोन्याच्या नाण्याला एक गुण. समोरचा कसा वागेल हे दोन फासे ठरवतात आणि ३६ शक्यतांपैकी एकीतच तो थेट अंगावर येतो. बोलायला वाव पहिल्यापासून होता. आम्ही तलवारच आधी उपसत होतो.

या वेळी धाकटा कोठडीच्या दारात बराच वेळ थांबला. मग ऑर्कला म्हणाला, “तुझं नाव काय?”

माझ्याकडे नाव तयार नव्हतं.