पुढच्या खेपेला येतो

सकाळी ६

आज पौषातली संकष्टी. चहा ठेवायच्या आधी कॅलेंडर बघितलं, कारण आजचं माझं काम तिथीवर बेतलेलं आहे. किनाऱ्यावर भरतीचा हिशोब तोंडी करतात: तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी, म्हणजे चाराचे तीन. दुपारी तीनच्या सुमाराला समुद्र पूर्ण भरणार, म्हणून ओहोटी सकाळी नऊला आणि रात्री नऊला. अलिबागहून कुलाबा किल्ल्यात पायी जायचं तर सकाळचीच वेळ धरायला हवी.

मी चित्रकथा काढते, मराठीत, मांगा या जपानी चित्रकथांच्या वळणाची. सध्या हातात आहे ती दोन मित्रांची प्रेमकथा. एकाची कार्ल्याच्या बाजूला पांढऱ्या कांद्याची शेती, दुसरा मांडव्याच्या जेटीवर लाँचची तिकिटं देतो. पानांवर त्यांना नावं आहेत. टेबलापाशी मी त्यांना कांदेवाला आणि जेटीवाला म्हणते. शाळेपासूनचे दोस्त, आता तेविशी-चोविशीचे. या कथेत कुणी जीव देत नाही, कुणाला घराबाहेर काढत नाहीत, कुणाचं बळजबरीनं लग्न लावत नाहीत. दोघांचं एकमेकांवर प्रेम आहे आणि ते बोलून दाखवायला दोघांनाही फार वेळ लागतो, एवढीच अडचण. ती गमतीची अडचण आहे आणि गमतीनंच सांगायची, हा माझा आग्रह आहे.

सकाळी ७

आराखड्याचा तास. जपानी मांगाकार पक्कं चित्र काढण्याआधी अख्ख्या प्रकरणाची कच्ची पानं करतात. चौकटी किती, कोण कुठं उभा, कोण काय बोलतो, पान उलटल्यावर पहिल्यांदा काय दिसतं, हे सगळं त्यात ठरतं. संपादक आधी तीच पानं वाचतो. मी ती पाठकोऱ्या कागदांवर करते.

या प्रकरणात दोघं संकष्टीला किल्ल्यातल्या गणपतीला जातात. दोघांचाही उपास. सकाळी वाळूतून चालत गेलेले, दर्शन झाल्यावर तटावर बसलेले, आणि बोलता बोलता पाणी चढतं. दोघांना एका जागी अडकवायची युक्ती प्रेमकथेत जुनीच आहे. मांगात त्यासाठी पाऊस येतो आणि दोघांत एकच छत्री असते. आमच्याकडे भरती आहे. पण अलिबागचा वाचक एवढ्यावर फसणार नाही. पाणी भरलं की किनाऱ्यावरून होड्या सुटतात, हे त्याला ठाऊक आहे. म्हणून मी होडीच गोष्टीत घेतली.

होडी येते. होडीवाला विचारतो, "येता कं रं?" दोघं एकदम म्हणतात, "पुढच्या खेपेला येतो." होडी जाते, परत येते, तोच प्रश्न, तेच उत्तर. तिसऱ्या वेळी तो विचारतही नाही. वर बघतो, हसतो आणि होडी वळवतो.

सगळं प्रकरण या तीन खेपांत आहे. तिन्ही चौकटी एकाच आकाराच्या, एकाच कोनातून पाहिलेल्या. बदलतं ते एवढंच, की तटावर बसलेल्या दोघांमधलं अंतर दर खेपेला वीतभर कमी होतं. ते शब्दांत कुठंही सांगायचं नाही. वाचकानं ते स्वतः पाहिलं, की तो त्या दोघांच्या बाजूचा होतो.

सकाळी ९

पाणी उतरलं आहे. खडकांवर शेवाळ, मध्ये ओली वाळू, कडेला घोडागाड्या. चपला हातात घेऊन किल्ल्याकडे निघाले, पिशवीत चित्रांची वही.

फोटोवरून किल्ला काढता येतो, पण बसता कुठं येतं ते फोटोत कळत नाही. उत्तरेच्या बाजूला इंग्रजी बनावटीच्या दोन तोफा चाकांच्या गाड्यांवर उभ्या आहेत. तिथून होडीची वाट दिसते का, उन्हात सावली कुठल्या बाजूला पडते, दोघं शेजारी बसले तर गुडघे एकमेकांना लागतील की नाही, हे तिथं जाऊनच बघावं लागतं. राघोजी आंग्र्यांनी १७५९ साली बांधलेलं गणपतीचं देऊळ, त्यापुढचा तलाव, खाऱ्या पाण्याच्या मधोमध असलेलं गोडं पाणी: हे सगळं मी रेषेत टिपून घेते, कारण जागा खरी असली की गोष्टीतली माणसंही खरी वाटतात.

आज दर्शनाच्या रांगेत कॉलेजची पोरं होती. एकानं दुसऱ्याच्या खांद्यावर हात टाकलेला, दुसरा त्याच्या मोबाइलमध्ये डोकावत होता. आपल्याकडे मुलांच्या दोस्तीत एवढी जवळीक सहज चालते, तिच्याकडे कुणी वळून बघत नाही. ही जागा कथाकाराला आयती मिळते. माझे दोघंही गावासमोर असेच वावरतात, आणि त्यातला नेमका कुठला स्पर्श दोस्तीच्या पलीकडचा आहे हे फक्त त्या दोघांना आणि वाचकाला कळतं. अर्धी गंमत तिथंच आहे.

अकरा वाजायच्या आत परत निघायचं. पाणी घोट्यांना लागायला लागलं की आणखी चित्रांचा मोह आवरायचा.

दुपारी १२

उपासाची खिचडी खाऊन पुस्तकांच्या कपाटापाशी. काम अडलं नसलं तरी हा तास मी वाचनाला ठेवते.

मुलामुलांच्या प्रेमाच्या मांगाचा पाया १९७०च्या दशकात तरुण बायकांनी घातला. हागिओ मोतो यांची 'टोमा नो शिंझो' १९७४ची, ताकेमिया केइको यांची 'काझे तो की नो उता' १९७६मध्ये सुरू झाली. पहिली जर्मनीतल्या मुलांच्या वसतिगृहात घडते, दुसरी फ्रान्समधल्या. पहिलीची सुरुवातच एका मुलाच्या मरणानं होते, दुसरीचा शेवटही दुःखाचा. लांबचा देश आणि मरण, या दोन आडोशांमुळं त्या काळी हे प्रेम कागदावर उतरवता आलं, असं मला वाटतं.

पुढच्या पिढ्यांना हळूहळू त्या आडोशांची गरज उरली नाही. हारुसोनो शो यांची 'ससाकी तो मियानो' २०१६ची. त्यात वरच्या वर्गातला मुलगा खालच्या वर्गातल्याकडे मांगाची पुस्तकं वाचायला मागतो, कारण पुस्तक परत करायच्या निमित्तानं पुन्हा भेटता येतं. टोयोता यू यांची 'चेरी मॅजिक' २०१८ची. एका ऑफिसातल्या माणसाला तिसाव्या वाढदिवसापासून स्पर्श केला की दुसऱ्याच्या मनातलं ऐकू यायला लागतं आणि शेजारचा देखणा सहकारी आपल्याच प्रेमात आहे हे कळतं. तागामे गेंगोरो यांनी २०१४ ते २०१७ या काळात 'ओतोतो नो ओत्तो' काढली. वारलेल्या जुळ्या भावाचा कॅनडातला नवरा एके दिवशी दारात उभा राहतो, आणि घरातली लहान मुलगी त्या काकाला मोठ्यांच्या आधी आपलंसं करते. या सगळ्यांत रोजचं जगणं आहे, चेष्टामस्करी आहे.

मराठीतही हा रस्ता कष्टानं तयार झालेला आहे. तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' १९८१मध्ये रंगभूमीवर आलं. दोन मुलींच्या प्रेमाचा विषय, शेवट जीवघेणा. त्यांच्याच कथेवर रवी जाधव यांनी 'मित्रा' हा लघुपट केला. सचिन कुंडलकर यांची 'कोबाल्ट ब्लू' ही कादंबरी २००६ची. बिंदुमाधव खिरे यांनी २००२मध्ये पुण्यात समपथिक ट्रस्ट सुरू केला आणि या विषयावर मराठीत सातत्यानं लिहिलं. ६ सप्टेंबर २०१८ला सर्वोच्च न्यायालयानं कलम ३७७मधून प्रौढांचे संमतीचे संबंध वगळले. आणि २०२५मध्ये रोहन परशुराम कानवडे यांच्या 'साबर बोंडं'ला सनडान्स महोत्सवात जागतिक कथाचित्रपटांचा ग्रँड ज्युरी पुरस्कार मिळाला. वडिलांच्या दहा दिवसांच्या सुतकात गावी आलेला मुलगा आणि त्याचा बालमित्र, एवढीच गोष्ट, अतिशय हळुवार.

या सगळ्यांनी दुःख नीट सांगून ठेवलं, म्हणून मला आता सुख सांगता येतं. आणि मित्रांच्या विनोदी गोष्टी तर मराठीला नव्या नाहीतच. १९८८च्या 'अशी ही बनवाबनवी'वर पिढ्या वाढल्या. १९९१पासून चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकरांच्या 'चिंटू'नं रोजच्या घरातलं साधं हसू तीन-चार चौकटींत बसवून दाखवलं. मला त्या वाटेवर फक्त एक वळण पुढं जायचं आहे.

दुपारी २

शाई. टाक, काळी शाई, जाड कागद. तटाचे दगड आधी, माणसं नंतर. चेहऱ्यांसाठी टाक हलका धरावा लागतो. भुवईची रेघ केसभर जाड झाली तर लाजलेला मुलगा रागावलेला दिसतो.

मांगात मजेच्या क्षणी माणसं एकदम छोटी, गोल, बाहुल्यांसारखी काढतात. उपासानं कळवळलेला जेटीवाला मी तसाच काढते आणि पुढच्याच चौकटीत त्याला पूर्ण उंचीचा, शांत, समुद्राकडे बघणारा. हसता हसता वाचक थबकतो तो या दोन चौकटींच्या मधल्या पांढऱ्या पट्टीत. हलकी गोष्ट लिहायला सोपी असते असं समजणाऱ्यानं ही पट्टी एकदा आखून बघावी. ती थोडी अरुंद झाली तर भाव पोचत नाही, रुंद झाली तर भाषण वाटतं.

बाहेर समुद्र भरला आहे. याच घटकेला माझे दोघं पानावर दुसरी होडी सोडतायत.

दुपारी ४

पुण्यातल्या मित्राचा फोन. माझी पानं तो सगळ्यांच्या आधी वाचतो. तो आणि त्याचा जोडीदार बरीच वर्षं एकत्र राहतात, त्यामुळं त्याचं म्हणणं मी लिहूनच घेते.

"अगं, तुझा कांदेवाला एवढं बोलतो कशाला? आम्ही बोलायचो नाही. मी त्याच्याकडे चार्जर मागायचो, रोज, आणि माझा बॅगेत असायचा."

मी तटावरचा लांबलचक संवाद खोडला. आता कांदेवाला फक्त म्हणतो, "तुझ्या फोनला किती चार्ज आहे रे?" जेटीवाला उत्तर देतो, "भरपूर." आणि फोन बंद करून खिशात टाकतो.

मग त्यानं विचारलं, "पुढं वडिलांना कळल्यावर ते मारत नाहीत ना?"

"नाही."

"नक्की?"

"वडील म्हणतात, येताना त्यालाही जेवायला घेऊन ये."

तो क्षणभर थांबला. म्हणाला, "मग बाकीची पानं आजच पाठव."

त्या 'नक्की?'साठी मी हे काम करते. आपल्यासारख्यांची गोष्ट हाती आली की ती धास्तीनं वाचायची, पुढचा घाव कुठून येईल ते शोधायचं, ही सवय त्याला पुस्तकांनी आणि सिनेमांनी लावली. निर्धास्तपणे पान उलटता येणं हा वाचकाचा साधा हक्क आहे आणि तो त्यालाही मिळायला हवा.

संध्याकाळी ६

अक्षरं. जपानी मजकूर उभा लिहितात, म्हणून तिथले संवादाचे फुगे उंच आणि अरुंद. देवनागरी आडवी, वर शिरोरेखा, तिच्यावर वेलांटी आणि मात्रा, खाली उकार. फुगा रुंद लागतो, दोन ओळींत जागा सोडावी लागते, आणि ती जागा चित्रातून काढावी लागते. शिवाय मांगा उजवीकडून डावीकडे वाचतात, आपण डावीकडून. त्यामुळं चौकटीत आधी बोलणारा डावीकडेच हवा. तटावर कांदेवाला कायम डावीकडे बसतो, कारण विषय काढणारा तोच. ध्वनी मी हातानं लिहिते: लाटेचं चुबुकचुबुक, वल्ह्याचं सपसप, पोटातलं गुरगुर. असल्या शब्दांची मराठीत श्रीमंती आहे आणि चित्रकथेत ती पुरेपूर वापरता येते.

रात्री ८

पुढच्या प्रकरणांची टिपणं. एक प्रकरण पोपटीचं: शेताच्या बांधावर मडकं, त्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, भोवती जाळ आणि दहाबारा मित्र, ज्यांच्यात या दोघांना एकांत मिळता मिळत नाही. एक प्रकरण कांदा काढणीचं: कांदेवाला पांढऱ्या कांद्याची माळ विणून जेटीवर घेऊन येतो आणि तिथं सगळ्यांसमोर तिची किंमत सांगायची वेळ येते. एक पावसाळ्याचं: गेटवेची लाँच बंद, जेटीवाल्याला सुट्टी, आणि तो न बोलावता भातलावणीला हजर. रायगडच्या किनाऱ्याचं वर्षच असं आहे, की प्रेमकथेला लागणारी सगळी निमित्तं ते आपणहून देतं.

रात्री ९

चंद्रोदय झाला, उपास सुटला, बाहेर ओहोटी. शेवटची चौकट शाईत उतरली: दोघं ओल्या वाळूतून परत येतायत, चपला हातात, आणि मागून होडीवाला ओरडून विचारतोय, "पुढच्या संकष्टीला येता कं?"

आता एक विनंती. दिवाळी अंकांचे संपादक चित्रकथेला पानं देतात ती बहुतेक मुलांच्या विभागात. मोठ्यांसाठीही द्यावीत, आणि त्यांत अशा हसऱ्या प्रेमकथांना जागा असावी. जे काढतात, लिहितात, त्यांनी आपापल्या गावची भरती, एसटीची वेळ, जत्रेची तारीख घेऊन आपले दोन मित्र उभे करावेत. आणि वाचकहो, अशी गोष्ट हाती आली तर ती एकट्यानं वाचून लपवून ठेवू नका. घरात कुणाला तरी वाचायला द्या. तुमच्या घरातही एखादा मुलगा तिची वाट बघत असेल.