ग्रीसचा अर्धा तास

उन्हाळ्यात राणीसावरगावच्या शिवारात कुठे विहिरीचे किंवा मुरमाचे काम चालू असेल, तर सकाळी सहाच्या सुमारास, काम सुरू होण्याआधी तिथे जाऊन पाहावे. पोकलेन सपाट जागेवर उभी असते, बकेट जमिनीला टेकलेली, इंजिन बंद. ऑपरेटर जाणता असेल तर तो ग्रीसगन घेऊन बकेटपाशी उकिडवा बसलेला दिसतो. आधी निपलवरची माती चिंधीने पुसतो, कारण ती तशीच राहिली तर ग्रीसबरोबर आत जाते आणि पिन-बुश कानशीसारखी झिजवते. मग गन लावून दांडा दाबत राहतो. पिनेच्या कडेने काळे, कचकचीत जुने ग्रीस बाहेर येते. त्यामागून नव्या ग्रीसचा रंग दिसला की पुढचा निपल. बकेटच्या पिना, आर्मच्या, बूमच्या, सिलिंडरच्या दोन्ही टोकांच्या, असे करत मशीनभोवती एक फेरी होते. त्यातच इंजिन ऑइलची पट्टी, हायड्रॉलिक तेलाची काच, रेडिएटरचे पाणी, होजांचे सांधे आणि चेनचे नटबोल्ट पाहून होतात. अर्धा तास जातो.

या अर्ध्या तासात अवरमीटर हलत नाही. तो इंजिन चालू असतानाच पुढे सरकतो आणि भाडे त्याच्यावर ठरते. म्हणजे मशीन सांभाळण्याच्या आणि माणूस सुखरूप ठेवण्याच्या कामाचा मोबदला कुणीच कुणाला देत नाही. मार्च ते जून हंगाम असतो, शेतकरी रांगेत असतात, मालकाच्या डोक्यावर बँकेचा हप्ता असतो. अशा घाईत सर्वांत आधी कापला जातो तो हाच अर्धा तास. आमच्या भागात या यंत्रांवर जे बिघाड आणि अपघात होतात, त्यांतल्या पुष्कळांचे मूळ मला इथे दिसते.

गंगाखेड तालुक्याचा हा भाग बालाघाटच्या डोंगररांगांचा. खाली गोदाकाठी खोल काळी जमीन, इकडे वर जेमतेम हातभर माती, तिच्याखाली मुरूम आणि मुरमाखाली काळा पाषाण. पूर्वी विहीर म्हणजे पहार, घण, सुरुंग आणि वर्षानुवर्षांचे काम. आता तेच काम थोड्या दिवसांवर आले आहे. जलयुक्त शिवार, 2016 नंतरची शेततळी, 2017 सालची गाळमुक्त धरण योजना, नाम आणि पाणी फाउंडेशनची कामे, शिवाय रस्त्यांना लागणारा मुरूम, या सगळ्यांनी मराठवाड्यात खोदयंत्र शेताच्या बांधापर्यंत आणले. त्याने दुष्काळी भागाचे भले केले, यात मला शंका नाही.

आपण चेनवर चालणाऱ्या कोणत्याही कंपनीच्या खोदयंत्राला पोकलेन म्हणतो. पोक्लेन ही मूळ फ्रान्समधली कंपनी, शेतीच्या अवजारांच्या कारखान्यातून वाढलेली. 1951 साली तिने तेलाच्या दाबावर चालणारे खोदयंत्र काढले. भारतात लार्सन अँड टुब्रोने तिच्या तंत्रज्ञानावर यंत्रे बनवली. पुढे टाटा हिताची आली, कोमात्सु आली, तरी लोकांच्या तोंडी नाव तेच राहिले. टायरवाल्या मशीनचे जेसीबी हे नावही असेच, कंपनी काढणाऱ्या जोसेफ सिरिल बॅमफर्ड यांच्या आद्याक्षरांचे.

हे यंत्र मुळात मोठ्या खाणींत आणि धरणांवर रुळले, आणि तिथे त्याच्याभोवती शिस्तीचे कुंपण तयार झाले. नागपूरला मुख्यालय असलेल्या वेस्टर्न कोलफील्ड्सच्या चंद्रपूर-वणी भागातल्या उघड्या खाणी घ्या. तिथे कामगाराला आधी प्रशिक्षण केंद्रात बसावे लागते, त्यासाठी 1966 साली व्यवसाय प्रशिक्षण नियम झाले. धनबादच्या खाण सुरक्षा महासंचालनालयाचे अधिकारी तपासणीला येतात. पाळी बदलताना मशीनची नोंद वहीत होते. आमच्या माळावर मात्र ऑपरेटर शिकतो तो हेल्पर म्हणून. दोन-तीन वर्षे ग्रीस मारायचे, डिझेलचे कॅन आणायचे, ऑपरेटर जेवायला बसला की लिव्हर हातात घ्यायचे. अशा शिक्षणातून काही हात फार तयार होतात. पण ज्याच्याकडे शिकला त्याच्या चुकाही तो जशाच्या तशा उचलतो.

हा फरक कायद्यातच आहे. मुरूम, खडी, माती, साधी वाळू यांच्या उघड्या खाणीची खोली कुठेही 6 मीटरच्या वर नसेल, दिवसाला 50 पेक्षा जास्त माणसे नसतील आणि सुरुंग वापरला नसेल, तर 1952 च्या खाण कायद्याने तिला बहुतेक कलमांतून वगळले. शेतातली विहीर किंवा शेततळे तर खाणीत मोडतच नाही. आता 20 टनी पोकलेन जमिनीवर उभी राहून किती खोल खणते? साधारण साडेसहा मीटर. म्हणजे एका जागी उभे राहून या यंत्राने जेवढा खड्डा होतो, जवळजवळ तेवढ्याकडे त्या कायद्याने पाहिलेच नाही. आणि 6 मीटर म्हणजे वीस फूट, दुमजली घराची उंची. तेवढ्या उंचीवरून कोसळलेल्या मुरमाखाली माणूस वाचणे कठीण असते.

म्हणून खाणीचा नियम आपल्याला लागू नसला तरी तो ठाऊक असावा. कोळसा सोडून इतर खाणींसाठी 1961 साली केलेल्या विनियमांत तो स्पष्ट आहे. मुरूम, माती, चिकण अशा सुट्या जमिनीत कडेचा उतार 45 अंशांपेक्षा उभा नको, नाहीतर दीड मीटरच्या पायऱ्या काढा आणि पायरीची रुंदी उंचीपेक्षा कमी ठेवू नका. कठीण खडकात पायरी 6 मीटरपर्यंत चालते, तिथेही रुंदी उंचीइतकी हवीच. खालून पोखरून वरचा भाग लोंबकळत ठेवण्यास मनाई आहे.

हे शेवटचे वाक्य आमच्या जमिनीसाठीच लिहिले आहे असे मला वाटते. दख्खनच्या कातळात थरावर थर असतात. वर टणक काळा दगड, त्याखाली छिद्राछिद्रांचा ठिसूळ थर, कुठे लाल मातीचा पट्टा. बकेटला खालचा मऊ थर सहज मिळतो, वरचा दगड दात खातो. मग ऑपरेटर खालून ओढत जातो आणि वर कपार तयार होते. ती चार दिवस टिकते, म्हणून लोकांचा तिच्यावर विश्वास बसतो. खाली कुणी बकेटचा दात बदलायला किंवा निसटलेली पिन शोधायला जातो, तेव्हा ती सुटते. काळ्या मातीची गोष्ट आणखी वेगळी. मे महिन्यात तिची उभी भिंत दगडासारखी दिसते, पण भेगांतून पहिला पाऊस आत गेला की ती फुगते आणि तुकड्याने खाली येते. जूनच्या पहिल्या सरीनंतर अर्धवट विहिरीत कुणीही उतरू नये, मोटार बसवायलाही नाही.

काढलेला ढीग कडेलाच टाकण्याची आपल्याकडे सवय आहे. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या सुरक्षा नियमांप्रमाणे तो कडेपासून दीड मीटर किंवा खोलीच्या निम्मे, यातले जे जास्त असेल तेवढा लांब हवा. वीस फुटी खड्ड्याला दहा फूट. मशीन कडेला उभी करताना चेन कडेशी काटकोनात ठेवावी आणि चेन फिरवणाऱ्या मोटारी मागच्या बाजूला ठेवाव्यात. जमीन हलल्यासारखी वाटली की सरळ मागे येता येते. चेन कडेला समांतर असेल तर आधी वळावे लागते, आणि तेवढा वेळ मिळत नाही.

आता तेलाविषयी, कारण त्याचा धोका डोळ्याला दिसत नाही. एकदा कामावर आर्मच्या होजच्या सांध्यापाशी ओल दिसली. हेल्पर पोरगा बोटाने चाचपायला निघाला, तेवढ्यात वयस्क ऑपरेटर वरून ओरडला, "हात लावू नको रे बाबा, पुठ्ठा आण!" पुठ्ठा पुढे धरला, त्यावर बारीक रेघ उमटली, गळती सापडली. लगेच इंजिन बंद केले. तो पोरगा त्या दिवशी कशातून वाचला हे त्याला तेव्हा कळले नसेल. मोटारीच्या टायरमध्ये हवेचा दाब चौरस सेंटिमीटरला साधारण सव्वादोन किलो असतो. 20 टनी पोकलेनच्या होजमध्ये तेलाचा दाब 350 किलोच्या आसपास जातो, म्हणजे दीडशे पट. सुईच्या अग्राएवढ्या छिद्रातून निघालेले तेल कातडी भेदून आत शिरते. वरून टोचल्यासारखी खूण दिसते, दुखतही फारसे नाही, म्हणून माणूस काम करत राहतो. काही तासांनी हात सुजतो, आतले मांस मरू लागते आणि उशीर झाला तर बोट किंवा हात काढावा लागतो. असे झाले तर मलम लावून थांबू नका. शस्त्रक्रिया होते अशा मोठ्या दवाखान्यात तडक न्या आणि डॉक्टरांना स्पष्ट सांगा की दाबाचे तेल आत गेले आहे.

चेन ताणणाऱ्या ग्रीसच्या सिलिंडरमध्येही असाच दाब असतो. चेन सैल करताना व्हॉल्व्ह एका फेऱ्याहून जास्त फिरवू नये आणि तोंड समोर ठेवू नये. कोणताही होज सोडण्याआधी बकेट जमिनीवर टेकवून, इंजिन बंद करून लिव्हर चारी दिशांना हलवावेत, म्हणजे अडकलेला दाब उतरतो. उचललेल्या बूमखाली किंवा बकेटखाली काम करण्याचा तर विचारही नको. होज फुटून तेल निघून गेले की कित्येक क्विंटलांचे लोखंड क्षणात खाली येते.

मशीन फिरते तेव्हा मागचे वजन बाहेर झेपावते. ते आणि ढीग, किंवा ते आणि उभा टिपर, यांच्यामध्ये माणूस सापडला तर ऑपरेटरला कळतही नाही, कारण उजवी बाजू आणि मागची बाजू त्याला कॅबिनमधून नीट दिसत नाही. हेल्परने नेहमी ऑपरेटरला दिसेल अशाच जागी थांबावे. उतरण्याआधी ऑपरेटरने सेफ्टी लिव्हर वर करावा, नाहीतर शर्टाची बाही अडकूनही मशीन फिरते. सीटबेल्ट लावावा, कारण मशीन कलंडताना उडी मारणारा बहुधा तिच्याखालीच जातो. शेतावरून 11 केव्हीची तार जात असेल तर बूम तिच्यापासून किमान तीन मीटर लांब ठेवावे आणि शक्य असेल तर महावितरणला सांगून तेवढा वेळ लाइन बंद करून घ्यावी. बूम तारेला लागलेच तर ऑपरेटरने आतच बसून राहावे, बाकीच्यांनी लांब जावे. आग लागली तरच उतरायचे, आणि तेही मशीन व जमीन दोन्हींना एकाच वेळी स्पर्श होऊ न देता, दोन्ही पाय जोडून उडी मारून.

देखभालीत आमच्या हवेचा विचार कंपनीच्या पुस्तकापेक्षा जास्त करावा लागतो. धुरळ्याने एअर फिल्टर लवकर भरतो, आणि तो टायरवर किंवा चेनवर आपटून झाडण्याची पद्धत सगळीकडे आहे. आपटल्याने त्याचा कागद चिरतो आणि त्या चिरेतून गेलेली धूळ इंजिनची रिंग-लायनर खाते. कमी दाबाच्या हवेने आतून बाहेर फुंकावे. आतला छोटा फिल्टर तर साफ करायचाच नसतो, बदलायचा असतो. डिझेल कॅनमधून येते, त्यात पाणी आणि माती असते. म्हणून टाकी संध्याकाळीच भरावी, म्हणजे रात्री तिच्यात दव धरत नाही, आणि सकाळी सेपरेटरचे पाणी सोडावे. दुपारी पारा चढला की रेडिएटरच्या जाळीतला कचरा काढल्याशिवाय काम रेटू नये, आणि गरम रेडिएटरचे झाकण उघडू नये. काळ्या दगडात ब्रेकर लावला असेल तर छिन्नीला दर दोनेक तासांनी ग्रीस हवे, आणि एकाच जागी अर्ध्या मिनिटात दगड फुटला नाही तर जागा बदलावी. ब्रेकरच्या कामात हायड्रॉलिक तेल लवकर खराब होते, तेव्हा फिल्टरसाठी पुस्तकातल्या तासांची वाट पाहू नये. पावसाळी चिखलात चेन थोडी सैल ठेवावी, कारण चिखल दातांत भरून ती आपोआप ताणली जाते.

यातल्या बहुतेक गोष्टींना पैसा लागत नाही, सकाळचा वेळ लागतो. म्हणून विहिरीचे किंवा शेततळ्याचे काम ठरवणाऱ्या शेतकऱ्यांना माझी विनंती आहे. इसार देण्याआधी मालकाशी बोलताना तासाच्या दरात सकाळचा अर्धा तास धरून द्या, मीटर फिरो न फिरो. तेवढा वेळ ऑपरेटरला घाई करू नका. चहा घेऊन जा, पण ग्रीस मारून होईपर्यंत चावी फिरवायला सांगू नका. आणि त्या दिवसाच्या कामात खड्ड्यात कोण उतरणार, ढीग कुठे पडणार, वरून तार जाते का, हे त्याच वेळी दोघांनी मिळून ठरवून घ्या.